नगराध्यक्षांची नाडी

"प्रांजली! आधी इकडे ये. हे बघ."

भूषण तायडेने मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता. पडद्यावर धामणखेडच्या नगराध्यक्षा मंदाकिनी उमाळे आदल्या दिवशीच्या सभेत बोलत होत्या. त्यांच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट होती आणि चौकटीखाली आकडा होता, शून्य.

"कॅमेरा खराब असेल," प्रांजली चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली.

"तिघांनी तीन मोबाइलवर काढलंय. मागे उभ्या असलेल्या शिपायाची नाडी येते, ब्याऐंशी. हार घालणाऱ्या बाईची येते, एकशे चार. फक्त ताईंची येत नाही. जिवंत माणसाची नाडी शून्य काहून येईल?" त्याने मोबाइल उचलून बायकोकडे वळवला. "ही बघ तुझी. शहाण्णव." आकडा चढला. "एकशे दहा. काय झालं तुला? एवढी धडधड कशाची?"

"दूध उतू जातंय," असं म्हणून ती वळली. दूध अजून पातेल्यात ओतलंही नव्हतं.

'नाडी' हे अ‍ॅप मुळात डॉक्टरांसाठी निघालं होतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची एक लाट चेहऱ्यापर्यंत येते. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषून घेतं, त्यामुळे त्या क्षणी चेहरा अगदी किंचित काळवंडतो आणि लगेच पूर्वीसारखा होतो. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला कळतो. मेळघाटातल्या पाड्यावर बसलेल्या पेशंटची नाडी शंभर किलोमीटरवरच्या डॉक्टरला दिसावी, एवढाच त्याचा हेतू होता. पण लोकांनी त्याचा वेगळाच उपयोग शोधून काढला. संगणकाने बनवलेल्या खोट्या व्हिडिओंमध्ये चेहरा हुबेहूब असायचा, आवाज तंतोतंत असायचा, ही लाट मात्र नसायची. 'नाडी लावून बघ' हा शब्दप्रयोग मग घरोघरी रुळला.

त्या उन्हाळ्यात त्याची पुढची पायरी आली. मोठमोठी माणसं गुपचूप हलवून त्यांच्या जागी रोबो बसवलेत, अशी कुजबुज देशभर सुरू झाली. मोबाइलवर अशा संशयितांच्या याद्या फिरू लागल्या, त्यात कुणा नटाचं नाव आलं, कुणा न्यायाधीशाचं आलं. जाड मेकअप किंवा अंधूक दिवे असले की अ‍ॅपला नाडी सापडत नाही, हे सांगणाऱ्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

भूषण भोळा नव्हता. गावात त्याचं वायरिंगचं आणि मोटर दुरुस्तीचं दुकान होतं, हात कुशल होता आणि डोकंही चालायचं. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना, आबांना, मोबाइलवर एका नामांकित डॉक्टरचा व्हिडिओ आला होता. इन्सुलिन सोडा, हे चूर्ण घ्या. आबांनी कुणालाही न सांगता सुया बंद केल्या आणि बाविसाव्या दिवशी ते गेले. तो डॉक्टर अस्तित्वातच नव्हता. नंतर भूषणने त्या व्हिडिओवर नाडी लावली, तेव्हा चौकटीखाली शून्य आलं. तेव्हापासून तो माणसांपेक्षा त्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवायचा.

आणि नगराध्यक्षांच्या शून्याचं खरं कारण गावात एकट्या प्रांजलीला ठाऊक होतं.

पाच वर्षांपूर्वी मंदाताईंचं हृदय निकामी झालं होतं. गावाला बायपास म्हणून सांगितलं गेलं. प्रत्यक्षात नागपुरात त्यांचं हृदय काढून त्या जागी पंप बसवला होता. पेरूएवढा पंप आणि आत चुंबकाच्या बळावर अधांतरी फिरणारी एक चकती. नैसर्गिक हृदय आकुंचन पावतं, मोकळं होतं, म्हणून रक्त लाटांनी वाहतं. चकती थांबतच नाही, त्यामुळे रक्त कालव्याच्या पाण्यासारखं एकसारखं वाहत राहतं. ठोका नाही, लाट नाही, मनगटावर बोट ठेवलं तरी काही लागत नाही. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या छोट्या डबीला जोडलेली असते आणि डबीला दोन बॅटऱ्या. बॅटऱ्यांची एक जोडी पाच तास चालते. घरी असताना वायर सरळ भिंतीतल्या प्लगला लावता येते.

जिल्ह्यात असे चार पेशंट होते आणि त्यांच्या पंपांची देखभाल करणारी तंत्रज्ञ म्हणजे प्रांजली. पेशंटचं नाव नवऱ्यालाही सांगायचं नाही, असं तिने लिहून दिलेलं होतं.

मंगळवारी ती ठरल्याप्रमाणे नगराध्यक्षांच्या बंगल्यावर गेली. वायरीभोवतीची जखमपट्टी बदलली, पंपाचे आकडे उतरवले आणि भिंतीवरच्या तक्त्यावर सही केली.

"ताई, आता सांगून टाका लोकांना."

मंदाताई पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. अजूनही प्रश्न विचारताना त्या चष्म्यावरून बघायच्या. "काय सांगू? माझ्या छातीत मशीन आहे म्हणून? लोक तेच तर म्हणताहेत."

प्रांजलीने उरलेली पट्टी गुंडाळून पिशवीत ठेवली.

"चूक माझीच आहे. पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आजारी बाईला मत कोण देईल? आता पाणी शुद्धीकरणाचं केंद्र सुरू होऊ दे. पंधरा जूनला घरोघरी नळाला पाणी आलं की त्याच सभेत मी स्वतः सांगते. त्याआधी सांगितलं, तर गुणवंत झटाले ते केंद्र सुरू होऊ देणार नाही." झटालेंचे पाण्याचे टँकर गावभर फिरत होते, नळ आले की तो धंदा बुडणार होता. ते पालिकेत विरोधी गटाचे नेतेही होते.

"माझ्या घरातच हे चाललंय, ताई. भूषण रोज व्हिडिओ बघतो."

"मग त्याला सांग. माझी परवानगी आहे." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझा त्याच्यावर विश्वास असेल तर."

प्रांजली निघाली, तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. "एक सांगू? काल तो व्हिडिओ बघून मला भयंकर राग आला. पण आत काही धडधडलंच नाही. पूर्वी राग आला की छातीच सांगायची. आता मला हात बघावे लागतात, थरथरताहेत का ते."

घरी परतताना प्रांजलीने वाक्यं जुळवली होती. भूषण, तुला एक सांगायचंय, कुणाला बोलू नकोस. दार उघडलं, तर तो दुकानातल्या दोन मित्रांना फोनवर मोठ्याने व्हिडिओ ऐकवत होता आणि हसत होता. तिने चप्पल काढली, हातपाय धुतले आणि कणीक मळायला घेतली.

गुरुवारी बंगल्यावर काम करणाऱ्या कमलाबाईंचा भूषणला फोन आला. इन्व्हर्टर बंद पडला होता.

ताई पालिकेत होत्या. भूषणने इन्व्हर्टर उघडला. कार्ड जळलं होतं, दुकानात नेऊन दुरुस्त करावं लागणार होतं. त्याने ते काढून पिशवीत टाकलं. या लाइनवर आणखी काय काय चालतं ते बघावं म्हणून तो वायर धरून आतल्या खोलीपर्यंत गेला.

टेबलावर एक चार्जर होता. त्यात दोन बॅटऱ्या बसवलेल्या होत्या आणि तिसरी-चौथीची जागा रिकामी होती. शेजारी पलंगाच्या उशाशी एक जाड केबल लोंबत होती. तिच्या टोकाचा पिन त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. वर भिंतीला तक्ता टांगलेला होता. वेग, प्रवाह, व्होल्टेज आणि दर मंगळवारची सही. सहीतला 'ता' लांब ओढून खाली वळवलेला. ही सही त्याने बँकेच्या कागदांवर, मुलीच्या शाळेच्या वहीत शेकडो वेळा पाहिली होती.

त्याने फोटो काढला. पिशवी उचलून तो कमलाबाईंना न सांगताच बाहेर पडला.

संध्याकाळी जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "मंगळवारी कुठं होतीस गं?"

"दवाखान्यात. का?"

ताटाशेजारी त्याचा मोबाइल उभा होता. तिला तेव्हा दिसलं, हिरवी चौकट तिच्याच चेहऱ्याभोवती होती. एकशे सोळा. भूषणने मोबाइल पालथा ठेवला आणि पुढचा घास घेतला.

शुक्रवारी तो फोटो गावभर झाला. 'नगराध्यक्षा चार्जिंगवर.' बॅटऱ्या होत्या, केबल होती, तक्त्यावरचे आकडे होते. तक्त्याचा सहीचा रकाना मात्र फोटोत नव्हता. तेवढी कड त्याने कापून टाकली होती.

शनिवारी दुपारी बारा वाजता पारा सेहेचाळीसवर होता, तरी बंगल्यासमोर तीनशे माणसं जमली. झटाले जीपच्या बोनेटवर उभे राहून माइकवर बोलत होते. प्रांजली मागच्या दाराने आत शिरली, तेव्हा मंदाताई साडीचा पदर नीट करत बाहेर निघाल्या होत्या.

"ताई, जाऊ नका."

"घरात बसले, तर तेच खरं ठरेल."

त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि तीनशे मोबाइल एकदम वर झाले. "मी तुमच्याच गावची आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्या निम्म्या लोकांना मी नकाशे काढायला शिकवलेत." पण कुणी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हतं. सगळे पडद्याकडे बघत होते.

"शून्य!" कुणीतरी ओरडलं. मग चारी बाजूंनी तोच शब्द येऊ लागला.

"लाइट काढा हिची!" बोनेटजवळून आवाज आला. "बघू किती वेळ चालते!"

कोपऱ्यावर डीपी होती, सगळ्या गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. तिचं दार कसं उघडतं, कुठला फ्यूज कुठल्या लाइनचा, हे त्या गर्दीत एकाच माणसाला ठाऊक होतं. भूषण जागचा हलला, तेव्हा लोकांनी त्याला वाट करून दिली. कुणीतरी पाठही थोपटली.

आतल्या खोलीतला पंखा थांबला. चार्जरवरचे दिवे विझले.

प्रांजलीने ताईंना आत आणलं आणि त्यांच्या कमरेची डबी पाहिली. चौतीस मिनिटं. चार्जरमधली जोडी काढून बघितली, तर ती रिकामीच होती. सकाळपासून दोनदा दीड-दीड तास वीज गेली होती आणि इन्व्हर्टर नव्हता. तिने फोन केल्यावर दवाखान्यात ठेवलेली राखीव जोडी घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स निघाली होती. दहा मिनिटांनी ड्रायव्हरचा फोन आला. "मॅडम, गर्दीने अडवलंय. चाकाची हवा सोडली. गाडीत रोबोचे सुटे भाग आहेत म्हणताहेत." गेटवर दोनच पोलीस होते. जादा कुमक तालुक्याहून निघाली होती. तिला तासभर लागणार होता.

प्रांजलीने भूषणला सहा वेळा फोन लावला. त्याने उचलला नाही.

"मी डीपीवर जाते," ती म्हणाली.

"लोक तुला ओळखतात का?" मंदाताईंनी विचारलं. त्या पलंगावर टेकल्या होत्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.

"नाही. भूषणला ओळखतात, आणि ती डीपी त्याच्याशिवाय कुणाला उघडता येत नाही."

गर्दीतून वाट काढत ती डीपीपाशी पोचली. भूषण फ्यूज हातात घेऊन उभा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"परत बसव तो."

"तू मला सांगितलं नाहीस," तो म्हणाला. भोवतालच्या गलक्यात त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "दर मंगळवारी तिथं जात होतीस. माझ्या तोंडावर दवाखान्यात म्हणालीस."

"हो. ताईंनी तुला सांगायची परवानगी दिली होती. मीच नाही सांगितलं. माझा तुझ्यावर विश्वास नव्हता." ती दम लागून थांबली. "त्यांच्या छातीत हृदय नाही, भूषण. काढून टाकलंय. पंप आहे. त्याची बॅटरी सोळा मिनिटांत संपेल. पंप थांबला की पाच-सात मिनिटांत मेंदू जाईल."

"म्हणजे मशीनच आहे ना!"

"आबांना इन्सुलिन लागायचं. बाहेरून टोचावं लागायचं, नाहीतर जगले नसते. मग आबा काय होते?"

तिने खिशातून डबीची चित्रं असलेलं पेशंटचं कार्ड काढलं होतं, पण त्याने ते पाहिलंही नाही. तो वळला आणि डीपीच्या दाराला हात घातला.

"ए तायडे! काय करतोस?" झटालेंची दोन माणसं पुढे आली. एकाने भूषणच्या हातातला फ्यूज हिसकावला आणि नाल्याकडे भिरकावला. "बायकोने फितवलं का रे तुला?"

"बाई मरेल," भूषण म्हणाला. "माणूस आहे ती. मी चुकलो. सरका."

त्यांनी त्याला कॉलर धरून मागे ओढलं. कुणीतरी तोंडावर मारलं. मागच्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, तेही ढकलू लागले. भूषण खाली पडला. प्रांजली त्याच्यावर वाकली, तेव्हा तिच्या पाठीतही एक गुडघा बसला.

तेवढ्यात गर्दीच्या पलीकडून एक आवाज येऊ लागला. पीं, पीं, पीं. एकसारखा आणि कर्कश.

मंदाताई गेट उघडून रस्त्यावर आल्या होत्या. पायात चप्पल नव्हती. कमरेची डबी लाल होऊन वाजत होती आणि ती लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नव्हता. समोरचे लोक आपोआप बाजूला झाले. मोबाइल वर झाले खरे, पण 'शून्य' असं कुणी ओरडलं नाही.

"सोडा त्याला," त्या म्हणाल्या. "रत्नाकर, सोड म्हणते ना! हात खाली घे."

मारणारा रत्नाकर चाळिशीचा होता, कधीकाळी त्यांच्याच वर्गातला. त्याचा हात खरोखरच खाली आला.

"माझ्यासाठी आलात ना? ही मी आहे. त्या माणसाला काम करू..."

वाक्य पूर्ण झालं नाही. बॅटरी कमी झाली की डबी पंपाचा वेग आपोआप उतरवते, म्हणजे थोडी मिनिटं अधिक मिळतात. त्यात ते ऊन. ताईंचे ओठ निळसर झाले, गुडघे वाकले आणि त्या तापलेल्या डांबरावर कोसळल्या. कोपर फुटलं. रक्त रस्त्यावर एकसारखं वाहत आलं.

सगळ्यांत आधी धावली ती भाजी विकणारी गिरजाबाई. ती सकाळपासून पुढच्या रांगेत उभी राहून घोषणा देत होती. तिने ताईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि मनगट चाचपलं. "नाडी नाही लागत," ती पुटपुटली. मग गालाला हात लावून किंचाळली, "अहो, पण घामाघूम झालीय हो बाई! डोळे फिरवतेय! बघत काय उभे राहिले, उचला ना!"

चार बायका पुढे झाल्या. धावत पोचलेल्या प्रांजलीने पोटातल्या वायरीला ओढ बसू नये म्हणून डबी दोन्ही हातांनी धरली. "हळू, हळू, इथं ताण नको," म्हणत त्यांनी ताईंना व्हरांड्यातून आत नेलं. प्रांजलीने पलंगाजवळची केबल डबीला जोडली. भिंतीतल्या प्लगमध्ये अजून वीज नव्हती. डबीवर चार मिनिटं दिसत होती. मग तीन.

बाहेर भूषण उठला होता. रत्नाकर आणि त्याचा जोडीदार गर्दीत मिसळून गेले होते, कुणी त्याला अडवलं नाही. नाल्यात फ्यूज शोधायला वेळ नव्हता. त्याने खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीतून तांब्याची तार काढून तिचा पीळ केला. मेन स्विच पाडायला गेला, तर दांडा गंजून जागीच बसलेला. मग त्याने चालू लाइनवरच तार अडकवायला घेतली, पकडीचं रबर फाटलेलं असतानाही. ठिणगीचा मोठा लोळ उठला. तो मागे फेकला गेला. गर्दी ओरडली.

आत पंखा फिरू लागला. डबीचं ओरडणं बंद झालं.

गिरजाबाई पलंगाशी बसून पदराने वारा घालत होती. सवयीने तिने ताईंच्या छातीला कान लावला आणि दचकून वर बघितलं. "घरघर येतेय. चक्की लांबून ऐकू यावी तशी."

"तेच त्यांचं हृदय आहे," प्रांजली म्हणाली आणि मग भूषणला बघायला धावली.

भूषणचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. दोन बोटं पुन्हा सरळ होणार नव्हती. मंदाताई नागपुरात नऊ दिवस राहिल्या. तिथूनच त्यांनी व्हिडिओ काढून सगळं उघड केलं, ऑपरेशनची तारीख, पंप, बॅटऱ्या आणि लपवल्याबद्दल माफी. पाण्याचं केंद्र ठरलेल्या दिवशी सुरू झालं. गावातल्या बऱ्याच लोकांना वाईट वाटलं. काहींनी मात्र तो कबुलीचा व्हिडिओच पुढे पाठवला, 'बघा, स्वतःच मान्य केलं' अशी ओळ लिहून. त्याखाली चौकट होती आणि शून्य.

पोलिसांना एक गोष्ट कळत नव्हती. फ्यूज कुणी काढला? व्हिडिओ शेकडो होते, पण तेव्हा सगळे मोबाइल व्हरांड्याकडे वळलेले होते. झटाले म्हणाले, जमाव होता, काय सांगावं? त्या दिवसापासून नवराबायकोत मुलीच्या शाळेपलीकडे बोलणं झालं नव्हतं.

जबाबासाठी बोलावणं आलं, त्या सकाळी मंदाताईंचा फोन आला. "मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. तूही घेऊ नकोस. त्याचा हात भाजलाय, तेवढं पुरे."

"बघते ताई," प्रांजली म्हणाली.

ती निघाली, तेव्हा भूषण दारात चप्पल घालत होता. बांधलेल्या हाताने त्याला पट्टा लावता येईना. तिने वाकून तो लावला.

"मीही येतो," तो म्हणाला.

ठाण्यात इन्स्पेक्टर राजूरकर मॅडमनी कागद पुढे ओढला. "मिसेस तायडे, तुम्ही डीपीपाशी सगळ्यांत आधी पोचलात. फ्यूज काढणाऱ्याला पाहिलंत?"

प्रांजलीने शेजारी बघितलं. भूषण तिच्याकडेच बघत होता. त्याने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही.

"पाहिलं," ती म्हणाली. "फ्यूज माझ्या नवऱ्याने काढला. आणि जीव धोक्यात घालून वीज परत त्यानेच आणली. दोन्ही लिहा."

राजूरकर मॅडमनी पेन थांबवून दोघांकडे पाहिलं. "पूर्ण नाव?"

"भूषण पुंडलिक तायडे," भूषण म्हणाला आणि सही करायला डावा हात पुढे केला.